पेडल मारताना चित्र कधी पाहायचे?

स्पिनिंगच्या वर्गात चित्रकला आणायची म्हटले की कलाप्रेमी नाक मुरडतात. भिंतीवर व्हॅन गॉगचे आकाश गरगरते आहे आणि खाली वीस जण घामाघूम होऊन पेडल मारताहेत, ही कलेची विटंबना नाही का, असा त्यांचा सवाल असतो. पण संग्रहालयात तरी चित्राला कितीसा वेळ मिळतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका चित्रापुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते. निम्म्या वेळा तर १७ सेकंदांतच पाय पुढे निघत होते. तेव्हा पावित्र्याचा मुद्दा सोडून देऊ. खरी अडचण अशी की, चित्र नेमके नको त्या वेळी पडद्यावर येते. बोलता येईल इतपत श्रम असतील तोवर लक्ष बाहेर रमते. त्यापुढे ते मांड्यांतल्या जळजळीकडे आणि धापेकडे ओढले जाते, हे व्यायाम-मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. चढावर, सीटवरून उठलेल्या माणसासमोर मोने असो की सिमेंटची जाहिरात, त्याला दोन्ही सारखेच. तिथे ठेका उपयोगी पडतो. २०१२च्या एका ब्रिटिश प्रयोगात, मध्यम श्रमांत संथ संगीतापेक्षा पायांशी जुळणाऱ्या ठेक्यावर पेडल मारताना सुमारे ७ टक्के कमी ऑक्सिजन लागला.

मग चित्रे हवीतच कशाला, संगीत पुरे की, असे कोणी म्हणेल. पण चढ संपल्यावर रेझिस्टन्सचा नॉब सैल करून दम खाण्याची जी दोन मिनिटे असतात, ती आज प्रशिक्षकाच्या आरोळ्यांत वाया जातात. तिथे जाँ मेत्झँजेचे १९१२चे, पॅरिस-रुबे शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याचे चित्र लावून पाहावे. हँडलवर वाकलेल्या स्वाराच्या डोक्यातून आरपार मागची गर्दी दिसते. रंगात खरीखुरी वाळू कालवलेली. व्हेनिसच्या गुगेनहाइम संग्रहात त्यापुढे उभ्या राहणाऱ्याला ही घनवादी करामत वाटेल. नुकताच चढ चढून आलेल्याला मात्र शरीराच्या कडा विरघळणे म्हणजे काय, हे ताजे ठाऊक असते. कॅलरी जाळायला आलेल्यांना कलेचा तास नको, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच व्याख्यान नको, चित्राला गरगरवणे नको. दोन मिनिटे एकच चित्र स्थिर ठेवावे आणि पुढच्या चढाला पडदा बंद करावा.