औंधच्या राज्यघटनेचं काय झालं?

संविधान दिनाला आमच्या माणदेशातल्या शाळांत उद्देशिका वाचली जाते. पण त्याआधी दहा वर्षं आपल्याच भागात एक राज्यघटना लागू झाली होती, हे मुलांना क्वचितच कळतं.

औंध हे ७२ गावांचं संस्थान. आटपाडी त्यातच. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, तिथून सत्ता वर जायची. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरचं खुलं कारागृह त्याच प्रयोगातलं. (‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला.) राजाने स्वतःहून हे करावं, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही मला एक खटकतं. मसुद्यावर वाद घालायला माणमधला मेंढपाळ, मुलाणी, शेतमजूर बाई कुठे होती? मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ती घटनाही संपली.

भारताची संविधान सभाही प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, हे खरं. पण तिथे जवळपास तीन वर्षं उघड वाद झाला. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ‘तेव्हा मुस्लिमांनी काय मागितलं?’ असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारतो, कोणत्या मुस्लिमांनी? मद्रासच्या बी. पोकर साहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. बेगम ऐजाज रसूल यांनी तर राखीव जागाही नाकारल्या. दोघांचंही बोलणं इतिवृत्तात आहे. पोकर साहेबांची मागणी फेटाळली गेली, पण १९५२ मध्ये त्याच संविधानाखाली ते मलप्पुरममधून लोकसभेवर निवडून गेले. ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, तो हरला तरी घर सोडून जात नाही. औंधच्या प्रजेला असं हरायची संधीच मिळाली नव्हती.

आज आपल्याला ती आहे, आणि आपण काय करतो? बऱ्याच गावांत ग्रामसभेच्या रजिस्टरवर घरी बसून सह्या होतात. पुढच्या सभेत टँकरच्या फेऱ्यांचा ठराव असो की कब्रस्तानच्या वाटेचा, तिथे जा. मुलींनो, तुम्हीसुद्धा. आणि विरोध असेल तर तो नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.