महिला उमेदवार व आपले पावतीपुस्तक

वाचकहो, भंडारा जिल्ह्याच्या राजकारणातील एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. 1954 च्या पोटनिवडणुकीत येथील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले व काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बोरकरांच्या निधनानंतर, 1955 साली, त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर याच जिल्ह्यातून लोकसभेवर गेल्या. त्यांचा पक्ष आपला नव्हता. परंतु येथे मुद्दा पक्षाचा नाही. त्यानंतर 2024 पर्यंतच्या एकाही लोकसभा निवडणुकीत भंडाऱ्याने स्त्री निवडून दिली नाही. जी एक गेली, तिचीही वाट पतीच्या मृत्यूने मोकळी झाली!

आपल्या स्त्रियांना राजकारणाची जाण नव्हती काय? 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलितवर्ग महिला परिषद भरली. कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व हवे, ही मागणी त्या भगिनींनी तेव्हाच केली. स्थानिक संस्थांपुरते ते घटनेत येण्यास 1992 साल उजाडले. लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 साली झाला, आणि त्यालाही जनगणना व मतदारसंघ-पुनर्रचना यांची अट घालण्यात आली.

म्हणजे मागणी करण्यात आपल्या स्त्रिया मागे नव्हत्या. मागे राहिलो ते आपण! महिला उमेदवाराचे नाव निघताच आपले पुढारी विचारतात, "बाईजवळ पैसा कोठून येणार?" हा प्रश्न तिला नव्हे, समाजाला विचारावयाचा आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारास विधानसभेसाठी 5,000 व लोकसभेसाठी 12,500 रुपये अनामत भरावी लागते. पराभूत उमेदवारास वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. प्रवास, पत्रके व मतदान-प्रतिनिधींचे जेवण यांचा खर्च वेगळाच. विड्या वळणाऱ्या वा धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईची तर प्रचाराच्या प्रत्येक दिवसाची मजुरीही बुडते.

जयंतीसाठी व विहारासाठी आपण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. ते योग्यच आहे. पण महिला उमेदवारासाठी किती वस्त्यांत पावतीपुस्तक निघाले? समाजाने वर्गणी दिली नाही, तर ती एखाद्या ठेकेदाराकडून घ्यावी लागते. आणि ज्याचा पैसा, त्याचाच शब्द सभागृहात चालतो. मग "बाई स्वतंत्र बोलत नाही" अशी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरतो काय?

म्हणून वस्तीवस्तीत निधी-समित्या स्थापन करा व त्यांची सूत्रे स्त्रियांच्या हाती द्या. जी बाई दहा-दहा रुपयांसाठी शंभर घरांचे उंबरे झिजवते, तिला मतदार नावानिशी ओळखू लागतो. उद्याची उमेदवार तीच. निधी निवडणुकीच्या स्वतंत्र बँक खात्यात जमा करा, प्रत्येक रुपयाची पावती द्या व निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करा. त्यात कसूर केल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

टाळ्या पुष्कळ झाल्या. आता वर्गणी द्या, आणि पावती घ्या.