मालकीची भावना नको, मालकी द्या!



गेल्या दिवाळीत माझी भाची घरी आली होती. शहरातल्या एका कोवर्किंग ऑफिसात ती फ्रंट डेस्कवर कामाला होती. 'होती' म्हणतो, कारण आता ती तेथे नाही. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एखादी कंपनी मोठ्या इमारतीचे दोन-तीन मजले घेते, तेथे टेबल-खुर्च्या, इंटरनेट, एसी आणि कॉफीचे मशीन मांडते आणि एकेक खुर्ची महिन्याच्या भाड्याने देते. खुर्चीवर बसणाऱ्याला 'मेंबर' म्हणतात आणि सगळ्या मेंबरांची मिळून होते ती 'कम्युनिटी'. दार उघडणारा, संडास धुणारी, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणारा, रात्री पहारा करणारा, अशी जी पंधरा माणसे तो मजला चालवतात, त्यांना मात्र त्या कम्युनिटीत कोणी धरत नाही.

एके दिवशी मॅनेजरने सगळ्यांना बोलावून सांगितले, "प्रत्येकाने आपले काम पायरी-पायरीने लिहून काढा. ही तुमची एसओपी. यापुढे या कामाची ओनरशिप तुमची." पोरीला आनंद झाला. कोणीतरी आपल्याला विचारले म्हणून तिने आठ रविवार मोडून साठ पानांची वही भरली. मीटिंगची खोली दोघांनी एकाच वेळी मागितली तर काय करायचे, पाहुण्याची नोंद कशी घ्यायची, आगीची घंटा वाजली तर कुठल्या जिन्याने माणसे उतरवायची, सगळे त्यात होते. तीन महिन्यांनी निम्म्या माणसांना घरी बसवले, त्यात तीही गेली. ठेकेदाराची नवी मुले कमी पगारावर आली. त्यांच्या हातात काय दिले? भाचीची वही! पहिल्या पानावरचे तिचे नाव तेवढे काढले होते.

ती मला म्हणाली, "मामा, मग माझी ओनरशिप नेमकी कशाची होती?"

तिला उत्तर देताना माझ्या लक्षात आले की हा प्रश्न एकट्या भाचीचा नाही. तो रेल्वेतल्या पॉइंट्समनचा आहे, टपाल खात्यातल्या पोस्टमनचा आहे, आणि आपल्या घरातून अशा चकचकीत ऑफिसांत कामाला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा आहे.

सही आमची, पुस्तक त्यांचे

मी १९९१ साली पॉइंट्समन म्हणून लागलो. पहिल्या स्टेशनवर मास्तरांनी स्टेशन वर्किंग रूल्सचे पुस्तक पुढे केले आणि अ‍ॅश्युअरन्स रजिस्टरवर सही करायला सांगितले. "नियम वाचले, समजले" अशी ती सही. पुस्तक इंग्रजीत. मी मॅट्रिक, कसेबसे वाचले. त्यात एका केबिनमध्ये किल्ली टांगलेली असते असे लिहिले होते. ती केबिन पाडून दोन वर्षे झाली होती! मी हे दाखवले तेव्हा इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "तू सही कर, दुरुस्ती वरून येईल." मी सही केली. त्या दिवशी काही विपरीत घडले असते तर चार्जशीट कोणाला मिळाली असती? पुस्तक लिहिणाऱ्याला की सही करणाऱ्याला?

पोस्टमन बांधवांनाही हे नवे नाही. बटवडा मोबाईलच्या अ‍ॅपवर नोंदवायचा असा हुकूम निघतो. वाडीवर नेटवर्क नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना सही येत नाही, पावसात स्क्रीनवर बोट चालत नाही. हे सारे बीटवर चालणाऱ्याला ठाऊक असते. अ‍ॅप लिहिणाऱ्याला ते कोणी सांगायचे, आणि सांगितले तर तो ऐकणार आहे का?

आपल्याकडे 'नियमानुसार काम' हे आंदोलनाचे हत्यार आहे. जरा विचार करा, हे हत्यार चालते कशामुळे? पुस्तकात लिहिले आहे तसे अक्षरशः काम केले की गाड्या लेट होतात, टपाल तुंबते. म्हणजे रोजचा कारभार पुस्तकावर चालत नाही, तो कामगाराच्या शहाणपणावर चालतो. ते शहाणपण प्रशासनाला फुकट हवे आहे. सगळे सुरळीत झाले तर श्रेय साहेबाचे, आणि बिघडले की पुस्तक उघडून आपल्यापुढे धरायचे!

रंगापाणीचा धडा

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ उभ्या कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून मालगाडी आदळली. त्या सकाळी ऑटोमॅटिक सिग्नल बिघडले होते आणि गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जात होत्या. मालगाडीचा लोको पायलट गेला, एक्सप्रेसचा गार्ड गेला, प्रवासी गेले. त्याच दिवशी वरून सांगण्यात आले की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून दोष ठेवायला तो सगळ्यात सोयीचा!

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला. त्यात काय निघाले? सिग्नल बिघडल्यापासून त्या टापूत सात गाड्या शिरल्या होत्या. त्यांतली एकटी कांचनजंगाच ठरलेल्या वेगाने आणि प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी थांबून चालली होती. बाकीच्या सहा तशा चालल्या नव्हत्या. परवान्याच्या कागदावर वेगाची मर्यादा लिहिलेली नव्हती. लोको पायलट आणि स्टेशन मास्तरांना या नियमाचे पुरेसे प्रशिक्षण दिलेले नव्हते. सातपैकी सहा चालक एकच नियम वेगळा समजतात तेव्हा सहाही जण बेशिस्त असतात काय? की नियमच धड लिहिलेला आणि शिकवलेला नसतो? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत आपण किती दिवस सोसायची?

भाचीच्या ऑफिसात गाड्या धावत नाहीत. पण आगीची घंटा तेथेही आहे आणि तीनशे माणसे जिन्याने उतरवायची वेळ तेथेही येऊ शकते. त्या वेळी ठेकेदाराचा आठ दिवसांचा पोरगा दुसऱ्याची वही उघडून बसणार. शंका विचारायला लिहिणारी बाई तेथे नसणार. मग दोष कोणावर जाईल हे मी सांगायला नको.

"मालकासारखे वागा"

आमच्या एका प्रशिक्षण वर्गात बाहेरून व्याख्याते आले होते. पडद्यावर चित्रे दाखवून त्यांनी दोन तास सांगितले, "कामात मालकीची भावना ठेवा, मालकासारखे वागा." शेवटी एक जुना ट्रॅकमन उठला आणि म्हणाला, "साहेब, मालक झालो तर उद्यापासून गँगमध्ये चार माणसे वाढवू का?" सगळा हॉल हसला. व्याख्याते मात्र हसले नाहीत, कारण उत्तर नव्हते.

बांधवांनो, मालकी ही भावना नव्हे. मालकी म्हणजे दोन गोष्टी, निर्णयात मत आणि मिळकतीत हिस्सा. या दोन्ही काढून घेतल्या की उरते ती नुसती जबाबदारी. तिला 'ओनरशिप' असे गोंडस नाव दिले म्हणून वेठ काही संपत नाही.

काही जण म्हणतील, "प्रत्येकाच्या मताने नियम केले तर शिस्त कशी राहील?" प्रश्न रास्त आहे. आपण दहा नियम मागत नाही. नियम एकच असावा, लेखी असावा आणि सगळ्यांनी पाळावा, हे रेल्वे कामगाराला कोणी शिकवायला नको. आपले म्हणणे एवढेच की तो नियम ठरवताना काम करणारा माणूस टेबलाशी हवा. संविधानात ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली ४३ क हे कलम आले, ते उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाबद्दलच आहे. कारखान्यांसाठी १९४६ चा स्थायी आदेश कायदा होता. मालकाने केलेला मसुदा युनियनला दाखवून, हरकती ऐकूनच मंजूर होत असे. केंद्रीय कायद्यात त्यासाठी १०० कामगारांची अट होती, महाराष्ट्रात ५० ची. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० वर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागूही झाली. पंधरा माणसांच्या ऑफिसात आता कोण कोणाची हरकत ऐकणार?

जेथे कामगारच मालक आहे

"हे सगळे बोलायला ठीक, पण कामगार स्वतः नियम करून धंदा चालवू शकतो का?" असेही विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या देशातच आहे.

जबलपूर, भोपाळ, रायपूरकडे बदलीवर गेलेल्या आपल्या अनेक बांधवांनी इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा खाल्ला असेल. या कॉफी हाऊसची सुरुवात १९३६ साली मुंबईत चर्चगेटला झाली. पुढे ती कॉफी बोर्डाकडे होती. पन्नासच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले की नोकरीची भीक मागू नका, सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगलोरला आणि दिल्लीला, १९५८ साली त्रिशूरला अशा संस्था उभ्या राहिल्या. तळाच्या कामाला लागलेली माणसे तेथे मॅनेजरपर्यंत चढली. एका कॉफीवर लोक तासन्‌तास बसून लिहीत, वाद घालत, धंद्याच्या गाठीभेटी घेत. कोवर्किंग म्हणून आज जे विकले जाते त्याचा आपला जुना अवतार तोच! फरक एवढाच की तेथे कप आणणारा माणूस संस्थेचा सभासद असतो.

केरळात वडकराजवळ १९२५ साली समाजसुधारक वाग्भटानंदांच्या प्रेरणेने मूठभर मजुरांनी उरळुंगल ही मजूर सहकारी संस्था काढली. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या या संस्थेने शंभर वर्षे पुरी केली आहेत. कोझिकोडला तिने स्वतःचे सायबर पार्क उभारले आहे आणि तेथे संगणक कंपन्या जागा भाड्याने घेतात. घमेले उचलणाऱ्यांची संस्था घरमालक आणि कंपन्या भाडेकरू! संचालक मंडळ सभासद कामगारच निवडतात. मग पंधरा माणसांची सहकारी संस्था एक मजला का चालवू शकणार नाही? गंमत अशी की कोवर्किंगची कल्पना २००५ साली सान फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने मांडली तीसुद्धा सोबतीने काम करण्यासाठी. नंतर भांडवल आले आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्स कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनी ताब्यात घेतला आणि पुन्हा चालवून दाखवला. पण खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपसातले वाद यांनी तो पुढे टिकला नाही. म्हणजे नुसती मालकी पुरत नाही. हिशेब कोण तपासणार, खरेदी कोण ठरवणार, भांडण झाले तर निवाडा कोणी करायचा, याचेही लेखी नियम लागतात. मालकीविना नियम म्हणजे गुलामी, आणि नियमाविना मालकी म्हणजे चार दिवसांची दिवाळी.

आपलेही चुकते

दुसऱ्याकडे बोट दाखवताना स्वतःकडेही पाहू या. रेल्वेत १९५२ पासून पीएनएमची यंत्रणा आहे. आपल्या बैठकांची विषयपत्रिका काढून पाहा. बदल्या, क्वार्टरची गळती, थकलेले भत्ते. हे विषय जरुरीचे आहेत, मीही तेच मांडत आलो आहे. पण एखाद्या स्टेशनच्या वर्किंग रूल्सची दुरुस्ती आपण किती वेळा मांडली? आणि न वाचता रजिस्टरवर सही ठोकणारे आपणच नाही काय? साहेबाला आपण आयती सही दिली की तो आपल्याला आयता दोष देतो. म्हणून प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत या मागण्या ठरावाच्या रूपाने घ्याव्यात:

१. कामाच्या पद्धतीचा प्रत्येक मसुदा मराठीत, किंवा त्या ठिकाणच्या कामगाराच्या भाषेत, आधी हाती द्यावा.

२. मसुदा करताना ते काम प्रत्यक्ष करणारा एक तरी माणूस समितीत असावा, आणि त्याचे नाव पुस्तकावर राहावे.

३. ड्यूटीच्या वेळेत शिकवल्याशिवाय सही मागू नये. लेखी हरकतीला लेखी उत्तर मिळावे.

४. ज्या कामाची जबाबदारी कामगारावर टाकली जाईल, त्या कामापुरता काम थांबवण्याचा अधिकारही त्याला द्यावा.

५. कामगाराने लिहिलेली पद्धत वापरून त्याचीच जागा ठेकेदाराला देऊ नये.

आणि एक मागणी स्वतःकडे. तुमच्या घरातले कोणी कोवर्किंग ऑफिसात, कुरिअरच्या गोदामात किंवा मॉलमध्ये कामाला असेल तर त्याला रविवारी युनियनच्या ऑफिसात घेऊन या. पंधरा-पंधरा माणसांच्या ऑफिसांत विखुरलेली ही मुले एकटी आहेत. आपल्या पतपेढ्यांच्या निवडणुका आपण पिढ्यान्‌पिढ्या लढवत आलो आहोत. संस्था कशी नोंदवायची, पोटनियम कसे करायचे, ताळेबंद कसा वाचायचा, हे आपल्यातल्या अनेकांना येते. ते या मुलांना शिकवणे हे निवृत्त बांधवांचे काम आहे.

माझी भाची आणि तिच्याबरोबर काढलेली सहा माणसे आता दर रविवारी आमच्या शाखेत येतात. त्यांनी नवी वही केली आहे. पहिल्या पानावर सातही नावे आहेत आणि दुसऱ्या पानावर सहकारी संस्थेच्या पोटनियमांचा कच्चा मसुदा आहे. परवा त्यांचे कॉफीचे भाव कोण ठरवणार यावरून जोराचे भांडण झाले. मी मधे पडलो नाही. मालक भांडणारच!

कामगार एकजुटीचा विजय असो!