नुसती सुपारी? तीही निरुपद्रवी नाही!

‘काही व्यसन आहे का?’ असे विचारले की अनेक पेशंट चटकन सांगतात, ‘छे हो डॉक्टर, तंबाखूला हातही लावत नाही. नुसती सुपारी.’ या ‘नुसती’ शब्दाशीच माझे भांडण आहे. सुपारी हा खाऊ नाही, मुखशुद्धी तर नाहीच. ते उत्तेजक द्रव्य आहे, त्याची सवय लागते आणि तंबाखूच्या मदतीशिवायही ते तोंडाचा कॅन्सर करू शकते.

सुपारी ‘लागते’ म्हणजे काय होते?

नवख्या माणसाने सुपारी जरा जास्त खाल्ली की डोके गरगरते, घाम फुटतो, छातीत धडधडते. ‘सुपारी लागली’ असे म्हणून आपण त्याला पाणी देतो आणि हसतो. पण विचार करा, शेंगदाणे किंवा खोबरे कधी असे ‘लागते’ का? सुपारीत अ‍ॅरेकोलीन नावाचे अल्कलॉइड असते. ते थेट मज्जासंस्थेवर काम करते. लाळ सुटते, अंगात ऊब येते, तरतरी वाटते. रात्रपाळीचा कामगार किंवा ट्रक ड्रायव्हर ती गालात धरतो तो याच तरतरीसाठी. पुढे मिळाली नाही की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. याला व्यसनच म्हणतात.

‘तंबाखू नाही ना, मग झाले!’

इथेच बहुतेक जण फसतात. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये तोंड आखडण्याचा एक आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी असेच रुग्ण नोंदवले. आज आपण त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो आणि त्याचे मुख्य कारण सुपारी आहे.

तो होतो कसा? अ‍ॅरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे जास्त तयार होतात. सुपारीतले तांबे आणि टॅनिन हे धागे आणखी घट्ट करतात, त्यामुळे ते सहज विरघळत नाहीत. मऊ गाल हळूहळू चामड्यासारखा होतो. आधी तिखट झोंबते, मग तोंड कमी उघडते, शेवटी घास घेणे आणि दात घासणेही कठीण होते. सुपारी सोडली तर आजाराची वाढ थांबण्याची आशा असते. व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया यांनी थोडा आराम मिळतो, पण गाल पहिल्यासारखा होत नाही. यातल्या काही रुग्णांना पुढे कॅन्सर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला पहिल्या गटात टाकले. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेले पदार्थ. तंबाखू घातलेला विडा आणि तंबाखू नसलेला विडा, दोन्ही त्याच गटात आहेत.

‘आमची आजी नव्वदीपर्यंत पान खायची, तिला काही झाले नाही.’ झाले नसेलही. हेल्मेट न घालता आयुष्यभर गाडी चालवून सुखरूप राहिलेली माणसेही असतात. म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही.

कायद्याची चाळणी

महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. ती एका वेळी फार तर एक वर्षाची असते, म्हणून दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो. उत्पादकांनीही पळवाट शोधली: पान मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, मिसळा तुमचे तुम्ही. विदर्भात खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रात मावा अजूनही टपरीवर घोटून मिळतो.

साध्या सुपारीचे तर विचारूच नका. २००३ चा कायदा तंबाखूसाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, पाकिटावर भयानक चित्र सक्तीचे आहे. तंबाखू नसलेली सुपारी त्यातून सुटते. तिच्या पाकिटावर अन्नपदार्थ म्हणून इशाऱ्याची एक ओळ असते, जी कोणी वाचत नाही. सिद्ध झालेला कॅन्सरकारक पदार्थ चॉकलेटशेजारी टांगलेला आणि सातवीतला मुलगा तो सुट्टीत विकत घेतो, हे आपल्याला खटकत का नाही?

आणि बागायतदार?

कर्नाटक, केरळ, आसाम आणि आपले कोकण, या भागांत हजारो घरे सुपारीवर चालतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे त्या कुटुंबांची किती वर्षे गेली याचा हिशेब करा. त्यामुळे ‘उद्यापासून सुपारी बंद’ असे मी म्हणणार नाही. पण बागायतदाराचे पोट पुढे करून आजाराचा पुरावा झाकणेही मला मान्य नाही. तैवानने सुपारी काढून दुसरे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांना मदत दिली आणि सुपारी खाणाऱ्यांची तोंड तपासणीही सुरू केली. हे आपल्याकडे का होऊ नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना सुपारी विकायला बंदी, पाकिटावर चित्ररूप इशारा आणि बागायतदाराला पर्यायी पिकासाठी खरी मदत.

तुम्ही आज काय कराल?

- आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. तुमचीच तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये उभी मावतात का पाहा. मावत नसतील तर दंतवैद्याला दाखवा.
- गाल फुगवता येत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, साधी भाजीही झोंबते, गालात पांढरट पट्टे दिसतात? थांबू नका.
- दोन आठवड्यांत बरा न झालेला तोंडातला व्रण तपासून घ्याच.
- गरोदरपणात सुपारी पूर्ण बंद. बाळाचे वजन कमी भरण्याशी तिचा संबंध आढळला आहे.
- जेवणानंतर काही हवेच असेल तर बडीशेप घ्या, पण साधी. सुपारीचे तुकडे घातलेली नको.

पूजेत गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीला माझा विरोध नाही. तिची जागा तबकात आहे, गालात नाही. आणि मुलांच्या हातात तर मुळीच नाही.