विश्लेषण : नोकरीतल्या नर्सला पदवीसाठी पुन्हा कॉलेज का गाठावे लागते? आणि तिची वाट इतकी खडतर का?

‘जीएनएम’ पदविका घेऊन वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिका आता ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’साठी पुन्हा वर्गात बसत आहेत. पदवीने रुग्णसेवा सुधारते, असे परदेशांतील अभ्यास सांगतात. मग पदवीचा सगळा खर्च एकट्या परिचारिकेनेच का सोसायचा?

आपल्याकडे ‘सिस्टर’ म्हटले की एकच चित्र डोळ्यासमोर येते. पण त्या गणवेशामागे शिक्षणाच्या किमान तीन वेगवेगळ्या वाटा असतात. रुग्णाला त्यांतला फरक दिसत नाही. सिस्टरला मात्र नोकरीच्या प्रत्येक टप्प्यावर तो जाणवतो. बढतीच्या यादीत, शिक्षकपदाच्या जाहिरातीत किंवा परदेशी नोकरीच्या अर्जात एक रकाना येतो आणि तिथे अनुभवाच्या वर्षांपेक्षा पदवीचा कागद जड ठरतो.

पदविका आणि पदवी यांत फरक काय?

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रामुख्याने उपकेंद्र आणि गावपातळीवरील आरोग्यसेवेसाठी आहे. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती साडेतीन वर्षांची होती. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठीय पदवी. जीएनएम आणि बी.एस्सी. या दोन्ही वाटांनी आलेल्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणूनच नोंद होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोघीही पूर्ण परिचारिका आहेत.

फरक सुरुवातीलाच पडतो. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. जीएनएमला कोणत्याही शाखेतून बारावी झालेली मुलगी प्रवेश घेऊ शकते. ज्या तालुक्यात विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय लांब आहे, जिथे मुलीला जवळच्या कला शाखेत घातले जाते, तिथे जीएनएम हाच या व्यवसायाचा दरवाजा असतो. त्यामुळे पदविका आणि पदवी यांतला फरक हा बहुतेक वेळा हुशारीचा नसतो. तो गाव, घरची ऐपत आणि सोळाव्या वर्षी घेतलेल्या, किंवा दुसऱ्याच कुणी घेतलेल्या, एका निर्णयाचा असतो.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे नेमके काय?

हा निर्णय पुढे दुरुस्त करता यावा म्हणून ठेवलेली वाट म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. नोंदणीकृत जीएनएम परिचारिकेसाठी हा दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (इग्नू) १९९० च्या दशकात तो नोकरीतल्या परिचारिकांसाठी दूरशिक्षणातून आणला. तिथे तो किमान तीन वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी अनुभवाची अट आहे.

अभ्यासक्रमावर नजर टाकली की तो कशासाठी आहे हे कळते. सलाइन लावणे किंवा ड्रेसिंग करणे तिला येतेच. इथे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, पोषणशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र येते. दुसऱ्या वर्षी नर्सिंग शिक्षण, नर्सिंग प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र यांची ओळख होते. हातांना माहीत असलेल्या कामामागचे कारण समजून घेणे, ते दुसऱ्याला शिकवणे आणि वॉर्डाचा कारभार आखणे, हा त्याचा गाभा आहे. ही पदवी मिळाली की पुढे एम.एस्सी. नर्सिंगचा, म्हणजे प्राध्यापकपदाचा आणि विशेष तज्ज्ञतेचा, रस्ता खुला होतो. ती नसेल तर तो रस्ता तिथेच संपतो.

पदवीने रुग्णाला काही फरक पडतो का?

‘अनुभव असला की झाले, कागद कशाला?’ हा प्रश्न वॉर्डात नेहमी विचारला जातो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. या प्रश्नावर सर्वाधिक चर्चिले गेलेले काम अमेरिकी संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्के अंकांनी जास्त असलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालये आणि चार लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हाच आकडा सात टक्के होता.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र आपल्याकडे सोयीस्करपणे विसरला जातो. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असेही त्यात दिसले. शिक्षण आणि मनुष्यबळ ही जोडी आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात रात्रपाळीला एक फेरी मारली तरी हा निकष कुठे आहे ते कळते. चाळीस रुग्णांत धावणाऱ्या पदवीधर सिस्टरला शिकलेले वापरायला वेळच मिळणार नाही.

हे अभ्यास परदेशांतले आहेत आणि ते दोन गोष्टींचा संबंध दाखवतात, एकामुळेच दुसरे घडते हे सिद्ध करत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. पण शरीरात बिघाड सुरू झाल्याची खूण वेळेत ओळखणे आणि डॉक्टरला ठामपणे सांगणे, यावर रुग्णाचे बरेच काही अवलंबून असते. पहाटे तीन वाजता खाटेजवळ डॉक्टर नसतो, सिस्टर असते. तिचे शिक्षण वाढवणे हा रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तो केवळ तिच्या प्रगतीचा नाही.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडने सप्टेंबर २०१३ पासून नव्या परिचारिकांसाठी पदवी हेच प्रवेशद्वार केले. अमेरिकेत २०१० मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते मुदतीत गाठता आले नाही, पण पदविकाधारकांसाठी काम करता करता पदवी घेण्याचे अभ्यासक्रम तिथल्या विद्यापीठांनी मोठ्या प्रमाणावर उभे केले. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा करून नव्या परिचारिकांना दहा वर्षांत पदवी घेणे बंधनकारक केले.

या कायद्यातली एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. जुन्या, आधीपासून काम करणाऱ्या परिचारिकांना त्यातून सूट होती. नियम पुढच्यांसाठी बदलला, पण ज्यांनी रुग्णालये चालवली त्यांना एका रात्रीत अपुऱ्या ठरवले नाही. आपल्याकडेही जीएनएम बंद करून फक्त पदवी ठेवण्याची चर्चा अधूनमधून होते. पोस्ट बेसिकची वाट रुंद न करता तसे केले, तर कला शाखेतून येणाऱ्या मुलीला व्यवसायाचे दार बंद होईल आणि नोकरीत असलेलीवर कमीपणाचा शिक्का बसेल.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

पहिली अडचण पैशांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना, अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही, दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. अनेक ठिकाणी आजही तेवढे मिळत नाहीत. पण तो आकडा धरला तरी दोन वर्षे नोकरी सोडून शिकायचे म्हणजे ४ लाख ८० हजारांच्या पगारावर पाणी सोडायचे. वर कॉलेजची फी, वसतिगृह आणि घरच्या हप्त्यांची सोय. दोन मुलांच्या आईला हा हिशेब जमवणे म्हणजे तारेवरची कसरत.

दुसरी अडचण रजेची. सरकारी सेवेत अध्ययन रजेची तरतूद नियमांत आहे. पण वॉर्डात आधीच माणसे कमी, त्यात एकीला दोन वर्षांसाठी सोडायचे तर तिच्या जागी कोण, हा प्रश्न मेट्रनसमोर असतो. बदली परिचारिका न देता रजा मंजूर केली की उरलेल्या मैत्रिणींच्या पाळ्या वाढतात. मग रजा मागणारीलाच अपराधी वाटू लागते.

तिसरी अडचण परताव्याची. केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर म्हणून रुजू होताना पदविकाधारक आणि पदवीधर यांची वेतनश्रेणी एकच असते. एम्सच्या भरती परीक्षेत फरक इतकाच की पदवीधराला थेट अर्ज करता येतो आणि पदविकाधारकाला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नोकरीत असताना पदवी घेतलेली सिस्टर परत आली की बहुतेकदा त्याच वॉर्डात, त्याच पगारावर, त्याच पाळीत उभी राहते. शिकून आल्यावर तिच्याकडे नवे काम येत नाही, तर शिकण्याची ओढ कुठून टिकणार?

चौथी अडचण सर्वात घातक आहे. गरज आहे पण वाट नाही, अशा जागी दुकाने उघडतात. फी भरा, हजेरीची काळजी आम्ही घेतो, असे सांगणारी कॉलेजे हे या क्षेत्रातले उघड गुपित आहे. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयकडे तपासणी आली आणि २०२४ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. कागदी पदवीने परिचारिकेचा पैसा जातो, रुग्णाच्या पदरात काहीच पडत नाही आणि प्रामाणिकपणे शिकलेल्या सिस्टरच्या पदवीलाही बट्टा लागतो.

काय करता येईल?

‘राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा, २०२३’ संसदेने संमत केला आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी ही नवी चौकट आहे आणि त्यानुसार राज्यांनाही आपले आयोग नेमायचे आहेत. नियम नव्याने लिहिले जात असताना नोकरीतल्या परिचारिकेचा विचार आताच व्हायला हवा.

प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयाने दरवर्षी ठरावीक संख्येने परिचारिकांना पगारी अध्ययन रजेवर पाठवावे आणि त्यांच्या जागी बदली पदे मंजूर करावीत. बदल्यात सेवेचे बंधपत्र घेणे रास्तच आहे. २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्याची घोषणा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती. तिथे पोस्ट बेसिकच्या जागा ठेवल्या, तर जिल्ह्यातल्या सिस्टरला महागड्या खासगी कॉलेजची पायरी चढावी लागणार नाही. दहा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या परिचारिकेकडून मूलभूत प्रात्यक्षिके नव्याने करून घेण्यापेक्षा तिच्या अनुभवाला श्रेयांक देऊन तिचा वेळ नव्या विषयांना द्यावा. आणि पदवी घेऊन परतलेल्या सिस्टरकडे संसर्ग नियंत्रण, नव्या परिचारिकांचे प्रशिक्षण, गुणवत्ता तपासणी अशी ठोस जबाबदारी आणि त्याला साजेशी वेतनवाढ द्यावी.

यातले काहीही अशक्य नाही. डॉक्टरांसाठी सेवेत राहून पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय आपण फार पूर्वी मान्य केली, कारण त्यांच्या शिक्षणाचा फायदा रुग्णाला होतो हे आपल्याला पटले होते. परिचारिकेच्या बाबतीत मात्र तिचे शिक्षण ही तिची वैयक्तिक हौस, असा समज आजही टिकून आहे. भारतात नर्सिंगची पहिली विद्यापीठीय पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. त्याला पाऊण शतक उलटून गेले. आजही एखाद्या सिस्टरला ती पदवी नाइट ड्युटी, कर्ज आणि सासरची परवानगी यांचा मेळ घालून मिळवावी लागत असेल, तर कमी पडली आहे ती आपली आरोग्यव्यवस्था. सिस्टर कमी पडलेली नाही.