बाथची सहल आणि पन्हाळ्याची माणसे

मंडळाच्या गेल्या सभेत बाथच्या सहलीवरून जी गरमागरमी झाली, ती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर पुरती निवलेली नाही. काही कुटुंबांना मुलांसाठी समुद्रकिनारा हवा होता. काही ज्येष्ठांचे म्हणणे होते की टिव्हिडेलच्या बालाजीचे दर्शन घेऊन एका दिवसात परत यावे. दोन्ही सूचना मनापासून आल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्या सर्वांत वर आहेत. तरीही कार्यकारिणीने बहुमताने जुलैचा पहिला शनिवार-रविवार बाथसाठी ठरवला. सभेतल्या गलक्यात त्यामागची कारणे नीट मांडता आली नाहीत, म्हणून ती इथे द्यावी लागत आहेत.

सर्वांत मोठा आक्षेप पाण्याचा होता. वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला गेले की माणूस कुंडात उतरतो. बाथला नुसते बघून परतायचे असेल तर जायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांनी सुलिस-मिनर्व्हा देवीच्या देवळाला लागून बाथची स्नानगृहे बांधली. झऱ्यातून आजही रोज ११ लाख लिटरहून अधिक पाणी सुमारे ४६ अंश तापमानाने वर येते. पण १९७८ मध्ये त्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि तिथली आंघोळ बंद झाली. पुढे खोल विंधण घेऊन स्वच्छ पाणी मिळवले गेले आणि २००६ मध्ये ‘थर्मे बाथ स्पा’ सुरू झाले. डुंबायचे ते तिथे. मात्र तिथे १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. त्यामुळे ते तिकीट ऐच्छिक ठेवले आहे. रोमन स्नानगृहांचे तिकीट सर्वांचे एकत्र काढले जाईल.

बाथ निवडण्याचे कारण मंडळाच्या दृष्टीने या आक्षेपाहून अधिक महत्त्वाचे आहे. मंडळ उभे करणाऱ्या पहिल्या घरांपैकी बरीच कोडोली, वारणानगर, पन्हाळा या पट्ट्यातली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत पन्हाळा आला, तेव्हा इथल्या घराघरांत पेढे वाटले गेले. पण पन्हाळा हा ओसाड किल्ला नाही. गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, हॉटेले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. या मान्यतेनंतर घराची दुरुस्ती करता येईल का, दुकानाचे काय होईल, ही तिथल्या लोकांची काळजी खरी आहे, आणि मंडळातल्या अनेकांचे काका-मामा त्यांच्यातच आहेत.

बाथने हाच प्रश्न कित्येक वर्षे हाताळला आहे. हे संपूर्ण शहर १९८७ पासून जागतिक वारसा आहे आणि त्यात ९० हजारांहून अधिक माणसे राहतात. १७६७ ते १७७५ या काळात बांधलेल्या रॉयल क्रेसेंटच्या ३० घरांपैकी कित्येकांत आजही संसार चालू आहेत. सगळे आपोआप टिकले असेही नाही. १९६० च्या दशकात तिथे कारागिरांच्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या. त्याविरुद्ध अ‍ॅडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये ‘द सॅक ऑफ बाथ’ हे पुस्तक लिहिले आणि लोकमत फिरले. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात लिव्हरपूलचा दर्जा काढून घेण्यात आला आणि युरोपातल्या ११ स्नाननगरांमध्ये बाथला दुसऱ्यांदा मान मिळाला. दर्जा मिळतो तसा जातोही, हे पन्हाळ्याच्या माणसांनी जवळून पाहण्यासारखे आहे. गावाकडून आलेल्या आईवडिलांना ते दाखवता आले, तर त्याहून चांगले.

पन्हाळ्याला बाथशी जोडणारे जुने धागेही आहेत. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. त्याच कंपनीच्या पैशावर गबर झालेला रॉबर्ट क्लाइव्ह पुढे बाथच्या ‘सर्कस’ या वर्तुळाकार घरांच्या चौकात राहिला. मुलांना हे पुस्तकात वाचायला लावण्यापेक्षा त्या दारासमोर उभे करून सांगावे.

आता तारीख. जूनमध्ये दहावी-बारावीच्या वयाच्या मुलांच्या जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या परीक्षा असतात, जुलैअखेर शाळांच्या सुट्या लागून खोल्या महागतात आणि सप्टेंबरमध्ये बाथला जेन ऑस्टिन महोत्सवाची गर्दी असते. शिवाय ऑगस्टपासून मंडळ गणपतीच्या तयारीत असते. मुक्काम ब्रिस्टलला का, असेही विचारले गेले. बाथमध्ये शनिवारची एकच रात्र द्यायला बरीच हॉटेले तयार नसतात. ब्रिस्टल तिथून सुमारे २० किलोमीटरवर आहे. बसचे भाडे वाढले, कारण मार्च २०२१ पासून बाथमध्ये जुन्या डिझेल बसला दिवसाला १०० पौंड शुल्क पडते, म्हणून नव्या इंजिनाचीच बस घ्यावी लागली.

कार्यकारिणीला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गटावर अंगठे भरपूर उमटले, पण पैसे भरले आहेत ते निम्म्याहून कमी जागांचे. बसवाला अंगठ्यांवर गाडी देत नाही. ज्यांनी सभेत सर्वांत जास्त मते मांडली, त्यांतल्या काहींचीही नावे अजून यादीत नाहीत. कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. प्रत्येकाच्या घरच्या अडचणी असतात. मात्र येणार नसाल तर तसे स्पष्ट कळवणे ही किमान अपेक्षा आहे, कारण मागे थांबलेल्यांना ती जागा देता येते.

तेव्हा महिनाअखेरपर्यंत खजिनदारांकडे आगाऊ रक्कम भरावी आणि थर्मेचे तिकीट हवे की नको, हेही त्याच वेळी कळवावे. बाथच्या अ‍ॅबी चर्चपासून सर्कस आणि क्रेसेंटपर्यंतची वाट चढाची आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी सांगितल्यास त्यांच्यासाठी टॅक्सी ठरवता येईल. रविवारी दुपारी क्रेसेंटखालच्या रॉयल व्हिक्टोरिया पार्कमध्ये सहभोजन आहे. धपाटे, दही आणि कांदा-लसूण चटणी कोण आणणार, याची यादी सचिवांकडे असून दह्यासमोर अजून एकही नाव नाही.