बोटांना वाट माहीत हवी

रोवण्याच्या दिवसांत माझ्या दुकानाचं शटर उघडायच्या आधीच दोन-चार बाया पायरीवर येऊन बसलेल्या असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक. नऊच्या आत काम झालं तर त्या बांधीवर पोचतात आणि त्या दिवसाची रोजी पदरात पडते. उशीर झाला तर त्यांच्या जागी दुसरी बाई लागलेली असते. कोणी रागावत नाही, फक्त एखादी हळूच विचारते, "होते का जी माझं आज?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या बोटांवर अवलंबून असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बिरसीत माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. गोंदियाबाहेरच्या लोकांना बिरसी म्हटलं की विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. आता तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि २०२२मध्ये प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. शिकाऊ मुलांची लहान विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून फेऱ्या मारतात. खाली माझ्या दुकानात उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, आणि हंगाम आला की धान विकण्यासाठी लागणारे कागद.

मी टायपिंग शिकले ते गोंदियाला, लोखंडी यंत्रावर. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हातांवर कापडाचा तुकडा टाकला. कळा दिसल्या नाहीत पाहिजेत. "डोळा कागदावर, बोट आपली वाट आपण शोधतं," असं ते म्हणायचे. पुढं कुठंतरी वाचलं की वैमानिकांनाही डोळे बांधून कॉकपिटमधली बटणं हातानं ओळखायला लावायची जुनी रीत आहे, तेव्हा मला सरांचं कापड आठवलं. मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा मी पास झाले, एमएससीआयटी केली, आणि संगणकासमोर बसले. बसताच उजव्या हातात माऊस आला आणि कापडाखाली शिकलेलं निम्मं वाया गेलं.

एमएससीआयटीच्या वर्गात मला काय शिकवलं? फाइलवर जा, एडिटवर जा, कॉपीवर क्लिक करा. ते चूक नव्हतं, पण ते घर दाखवण्यासारखं होतं. घरात राहायचं कसं, ते कोणी सांगितलं नाही. पाचेक वर्षं मी एकेका रकान्यावर माऊस नेऊन टिचकी मारत फॉर्म भरले. एकदा एका साध्या अर्जात हात कीबोर्डवरून किती वेळा उठतो, ते मोजायला घेतलं. चाळिसाच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडलं. दर वेळी हात उठतो, डोळा बाण शोधतो, मग रकाना शोधतो, मग हात परत येऊन आपली जागा चाचपतो. नेमकं अशा वेळी वेबसाइट "सेशन एक्स्पायर्ड" म्हणते आणि सगळं पहिल्यापासून.

माझे डोळे उघडले ते एका मुलामुळं, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही. जवळच्याच गावचा, पदवीचं शिक्षण घेणारा. भरतीचा फॉर्म भरायला भावाबरोबर आला. मी कागद घ्यायला हात पुढं केला तर म्हणाला, "ताई, मीच भरतो. तुम्ही फक्त खुर्ची द्या." खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात एनव्हीडीए नावाचा, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम होता. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तो बनवला आहे आणि तो फुकट मिळतो. संगणकात न बसवता पेनड्राइव्हवरूनही चालतो. त्यानं कीबोर्डवर दोन्ही तर्जन्या फिरवल्या, एफ आणि जे या बटणांवरचे बारीक उंचवटे शोधले, आणि कामाला लागला.

माऊसला त्यानं हात लावला नाही. टॅब दाबला की पुढचा रकाना, शिफ्ट धरून टॅब दाबला की मागचा. जिल्ह्यांची यादी आली की ऑल्टबरोबर खालचा बाण, यादी उघडली. जी दाबलं, गोंदिया जवळ आलं. चौकटीत खूण करायची तर स्पेसबार. पीडीएफकडं जायचं तर ऑल्ट-टॅब, तिथून नोंदणी क्रमांक कंट्रोल-सीनं उचलला, परत ऑल्ट-टॅब, कंट्रोल-व्ही. मी त्याच्यामागं उभी राहून बघत होते. डोळस माणसापेक्षा तो वेगानं पुढं जात होता, आणि त्याहून मला भिडलं ते हे की तो घाबरत नव्हता. त्याला कुठं आहोत ते सतत माहीत होतं.

मग तो अडला. जन्मतारखेची जागा आली. तिथं तारीख लिहिता येत नव्हती, महिन्याचं चित्र उघडून त्यातल्या आकड्यावर माऊसनंच टिचकी मारावी लागत होती. पुढं शेवटी वेडीवाकडी अक्षरं असलेलं चित्र, ओळखून लिहा म्हणे. ऐकायची सोय नाही. दोन्ही ठिकाणी त्याला मला हाक मारावी लागली. स्वतःची जन्मतारीख सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला होता. ते मी विसरलेले नाही.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी माऊसची वायर काढली आणि एक जुना अर्ज उघडून बसले. पहिले दोन दिवस काम आणखी हळू झालं, हे खरं सांगते. आठवड्यात बोटांना वाट सापडली.

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही ही काही कोणी जादूनं आणलेली गोष्ट नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर नावाच्या माणसानं सहकाऱ्यांबरोबर मजकूर कापून दुसरीकडं चिकटवण्याची ही पद्धत घडवली. १९८३मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही ओळीनं असलेली चार बटणं या आणि चूक मागं घेण्याच्या कामाला लागली. डाव्या हाताला सहज सापडतील अशी ती आहेत. संगणक वापरणं सोपं व्हावं, याच ध्यासानं टेस्लर काम करत राहिले. २०२०च्या फेब्रुवारीत ते वारले. एमएससीआयटीच्या वर्गात पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतील. त्यामागं एक माणूस होता हे कळलं की बटण लक्षात राहतं.

आपल्या भाषेतही हे सगळं चालतं, आणि ते मला फार आवडतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सी म्हणजे म आणि व्ही म्हणजे न. म्हणजे मराठीत टाइप करताना कंट्रोल आणि म दाबलं की नक्कल, कंट्रोल आणि न दाबलं की चिकटलं. जोवर विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलता येते, तोवर माऊसनं खालच्या कोपऱ्यात जायची गरजच नाही. यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर येते. हे मोडायला मला वेळ लागला. पण आता आमच्या गावाचं नाव पाच ठोक्यांत येतं: वाय, एफ, जे, एम, आर. ब, वेलांटी, र, स, दीर्घ वेलांटी. त्यातले दोन, एफ आणि जे, म्हणजे तीच उंचवट्याची बटणं, जी त्या मुलानं तर्जनीनं शोधली होती.

याच नावावरून एक अडचणही सांगते. मोठ्या यादीत एखाद्या बाईचं नाव शोधायचं तर कंट्रोल-एफसारखं दुसरं साधन नाही. पण सरकारी कागदांत आमचं गाव कुठं बिरसी आहे, कुठं बिर्सी. एक शोधलं की दुसरं सापडत नाही, आणि शोधणाऱ्याला वाटतं की नाव यादीतच नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या याद्या. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकासाठी आतली अक्षरं वेगळीच असतात, म्हणून तिथं कंट्रोल-एफ आंधळं होतं. त्या मुलाचा वाचक प्रोग्रामही तिथं निव्वळ गोंधळ वाचतो. गावाच्या नावाचं एकच लेखन ठरवणं आणि प्रत्येक यादी युनिकोडमध्ये काढणं, याला फार पैसा लागत नाही.

वेगाचा धोका मला माहीत आहे, कारण तो माझ्याच हातून घडला. एका म्हाताऱ्या बाईचा खाते क्रमांक कॉपी करून मी एका अर्जात टाकला. पुढचा माणूस आला, त्याचं पासबुक समोर ठेवलं, आणि बोटांनी कंट्रोल-व्ही दाबलं. कॉपी करायचं राहून गेलं होतं. त्या बाईचाच क्रमांक त्याच्या अर्जात जाऊन बसला. सबमिट करण्याआधी मी आकडे मोठ्यानं वाचत होते म्हणून त्यानं थांबवलं, "हे माझं नाही, बाई." नसतं थांबवलं तर त्याचे पैसे दुसऱ्याच खात्यात गेले असते, नाहीतर महिनोन्‌महिने अडकले असते. त्या दिवसापासून माझा नेम आहे. भरलेला प्रत्येक अर्ज मी त्या माणसाकडं तोंड करून, सावकाश, अख्खा वाचते. नाव, वडलांचं नाव, गट क्रमांक, खात्याचे आकडे एकेक करून. आधी हे जमत नसे, कारण वेळच उरत नव्हता. टॅब आणि कंट्रोलनं वाचवलेली मिनिटं मी तिथं खर्च करते. कागद वाचता न येणाऱ्या बाईला आपल्या अर्जात काय लिहिलं आहे ते ऐकायला मिळतं. "आईचं नाव चुकलं जी," असं कोणी म्हणालं की शिफ्ट-टॅबनं मागं जायला मला दोन क्षण लागतात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. गावोगावच्या सेवा केंद्रांवर, ग्रामपंचायतीत, धान खरेदीच्या केंद्रावर संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला कीबोर्डचं वेगळं प्रशिक्षण मिळायला हवं, माऊस काढून ठेवून. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. दाखला किती दिवसांत मिळायचा ते त्यात बांधलेलं असतं. पण दाखल्यासाठी अर्ज करायला आलेल्या माणसाचा अर्धा दिवस खिडकीपाशी जातो, तो कोणत्याही मुदतीत धरलेला नसतो. मजुराचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी रोजी. ती वाचवायला नवा संगणक नको, नवं इंटरनेट नको. जो कीबोर्ड टेबलावर आहे, तोच पुरे.

शाळांतही हेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना आम्ही संगणक दाखवतो तेव्हा आधी चित्र रंगवायला माऊस देतो. मुलं खूश होतात, मीही नाही म्हणत नाही. पण त्याच तासात त्यांना उंचवट्याची दोन बटणं दाखवा, टॅब दाखवा, चुकलं तर कंट्रोल-झेडनं मागं जाता येतं हे दाखवा. चूक पुसता येते हे कळलेलं मूल संगणकाला भीत नाही. रविवारी संध्याकाळी माझ्या दुकानात चार-पाच मुली येतात. त्यातली सातवीतली एक, फाइलचं नाव बदलायला एफ-टू दाबते ते बघून तिचे वडील चकित झाले. विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, हे तर तिनंच शोधलं आणि मला सांगितलं. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीनं परत येतो, हे कळलं तेव्हा मला माझ्या वाया गेलेल्या किती दुपारी आठवल्या.

आणि वेबसाइट बनवणाऱ्यांना एक विनंती, मनापासून. फॉर्म लोकांसमोर ठेवण्याआधी एकदा माऊस काढून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून बघा. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. नियम कमी नाहीत. टॅब कुठं अडतो ते बघायला एक दुपार लागते. तिथं अंध मुलगा अडतो, आणि रांगेतल्या पंधरा बायाही त्याच जागी अडतात, फक्त त्यांना ते कळत नाही.

तो मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, दुसऱ्या भरतीच्या अर्जासाठी. फोनवर तसं कळवलंय त्यानं. तो फॉर्म आधीच सुरू झाला आहे, म्हणून मी काल रात्री माऊस काढून तो पूर्ण चालून बघितला. चार जागी टॅब अडला. जन्मतारीख, प्रवर्ग निवडण्याची यादी, फोटो चढवण्याचं बटण, आणि शेवटचं ते चित्रातल्या अक्षरांचं. चारही जागा कागदावर लिहिल्या, पडद्याचे फोटो जोडले, आणि त्या फॉर्मवर दिलेल्या मदतीच्या ईमेल पत्त्यावर पाठवून दिले. आज सकाळपासून दोनदा मेल उघडून बघितला. उत्तर अजून आलेलं नाही.